उझबेक कापसावरचा बहिष्कार आणि त्यामागची बातमीदारी

10 मार्च 2022 रोजी ‘कॉटन कॅम्पेन’ या आंतरराष्ट्रीय आघाडीने उझबेकिस्तानच्या कापसावरचा बहिष्कार मागे घेतल्याचे जाहीर केले. तीनशेहून अधिक कापड आणि तयार कपड्यांच्या कंपन्यांनी ‘आम्ही हा कापूस जाणूनबुजून वापरणार नाही’ अशा लेखी प्रतिज्ञेवर सह्या केलेल्या होत्या, आणि त्या प्रतिज्ञेचे कारणच आता उरले नव्हते. त्याआधी नऊच दिवस आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आपल्या अहवालात नोंदवले होते की उझबेकिस्तानातली कापूस वेचणीतली पद्धतशीर वेठबिगारी आणि बालमजुरी संपली आहे. सुमारे वीस लाख मुले बालमजुरीतून आणि पाच लाख प्रौढ सक्तीच्या मजुरीतून सुटले आहेत. एखाद्या हुकूमशाही देशाच्या निर्यातीवर बाहेरच्या लोकांनी बहिष्कार घालावा, तो पंधराएक वर्षे टिकावा आणि मागितलेली गोष्ट पदरात पडल्यावर तो रीतसर उठवला जावा, असे फार क्वचित घडते. पण युक्रेनवरच्या रशियन आक्रमणाला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि वृत्तपत्रांत दुसऱ्या कशालाही जागा नव्हती. मराठीत तर ही बातमी माझ्या वाचनात आलीच नाही.

मला या विषयात रस वाटण्याचे कारण साधे आहे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकत आला आणि ‘सरकारने ठरवलेल्या भावाने सरकारलाच कापूस द्यायचा’ ही कल्पना विदर्भातल्या कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. महाराष्ट्रात 1972 पासून सुमारे तीन दशके एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. राज्याबाहेर भाव चढा असला की रात्रीच्या अंधारात गाड्या शेजारच्या राज्यात जात असत, हेही सर्वांना ठाऊक होते. तरीही आपल्याकडे पऱ्हाटी लावायची की ज्वारी, हे शेतकऱ्याच्या हाती होते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरता येत होते आणि त्याच्या बातम्या दुसऱ्या दिवशी छापून येत होत्या. उझबेकिस्तानात यांपैकी काहीच शक्य नव्हते.

तिथली व्यवस्था सोव्हिएत काळातून जशीच्या तशी चालत आलेली होती. मॉस्कोच्या नियोजनाने मध्य आशियाला कापसाच्या एकाच पिकाला जुंपले, आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी शेतांकडे वळवले आणि त्यात अरल समुद्र आटत गेला. 1991 मध्ये देश स्वतंत्र झाला, पण राष्ट्राध्यक्ष इस्लाम करीमोव्ह यांच्या राजवटीने कापसावरची पकड सोडली नाही. जमीन सरकारची, शेतकरी केवळ पट्टेदार. कोणत्या शेतात किती कापूस निघाला पाहिजे हे ताश्कंदमध्ये ठरत असे आणि ते उद्दिष्ट गाठण्याची जबाबदारी ‘हाकिम’ म्हणजे प्रांताच्या किंवा जिल्ह्याच्या प्रशासकावर असे. सप्टेंबर उजाडला की हा हाकिम शाळा, महाविद्यालये, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्यांना माणसे पाठवण्याचे फर्मान काढी. मुलांचे वर्ग बंद पडत, शिक्षक आणि परिचारिका शेतावर राहायला जात, प्रत्येकाला दिवसाचा वजनाचा कोटा असे, आणि ज्याला जायचे नसेल त्याने स्वतःच्या पैशाने बदली मजूर द्यायचा. नकार देणाऱ्याची नोकरी किंवा महाविद्यालयातली जागा जाण्याची भीती होती. एवढे करून मिळालेल्या कापसाचे परकीय चलन ज्या सरकारी निधीत जाई, त्याचा हिशेब जनतेपुढे कधीच मांडला जात नसे.

हे सगळे दरवर्षी, ठरलेल्या महिन्यांत, लक्षावधी लोकांच्या डोळ्यांदेखत चालत होते. त्यात गुपित असे काही नव्हते, आणि बातमीच्या दृष्टीने तीच अडचण होती. वृत्तसंस्थांना घटना लागते. दरवर्षी येणारा हंगाम ही घटना ठरत नाही. जगाने उझबेकिस्तानकडे वळून पाहिले ते 13 मे 2005 नंतर, जेव्हा अंदिजान शहरात सैन्याने निदर्शकांवर गोळीबार केला. सरकारने मृतांचा आकडा 187 सांगितला; प्रत्यक्षदर्शी आणि मानवाधिकार संघटना कित्येक शेकडे सांगत राहिल्या. त्या वर्षअखेरीपर्यंत बीबीसीने ताश्कंदमधले कार्यालय बंद केले आणि रेडिओ फ्री युरोपची मान्यता काढून घेण्यात आली. देशातल्या स्वतंत्र पत्रकारितेचे कंबरडे त्याआधीच मोडलेले होते: ‘एर्क’ या विरोधी पक्षाच्या वृत्तपत्राचे संपादक मुहम्मद बेकजानोव्ह 1999 मध्ये तुरुंगात गेले ते थेट 2017 मध्ये बाहेर आले.

त्यानंतर जे घडले ते हुकूमशाही देशांच्या वार्तांकनात वारंवार दिसते. बातमीदार बाहेर पडले की अत्याचार कमी होत नाहीत, त्यांची दृश्ये कमी होतात. आणि दृश्ये नसलेली बातमी दूरचित्रवाणीच्या दृष्टीने जवळजवळ अस्तित्वातच नसते. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने हे नेमके ओळखले होते. नोव्हेंबर 1985 मध्ये त्याने आणीबाणीच्या भागांत दंगलींचे चित्रीकरण करण्यावर बंदी घातली, आणि पाश्चात्त्य वाहिन्यांवर रोज दिसणारी चाबूक-अश्रुधुराची दृश्ये ओसरली. दार किलकिले ठेवणाऱ्या राजवटीची जितकी बदनामी होते तितकी ते पूर्ण लावून घेणाऱ्या राजवटीची होत नाही. प्रेक्षकाचा संताप कॅमेरा जिथवर पोहोचतो तिथवरच जातो, आणि बहिष्काराची हाक बहुधा या संतापाच्या पाठोपाठ येत असल्यामुळे तिच्यातही तोच पक्षपात उतरतो.

उझबेक कापसाची गोष्ट वेगळी वळली, कारण देशात राहिलेल्या काही माणसांनी बातमीदारी स्वतःच्या अंगावर घेतली. येलेना उर्लायेव्हा यांचे नाव त्यांत पहिले घ्यायला हवे. त्या कॅमेरा घेऊन शेतांवर जात, तिथे पाठवलेल्या डॉक्टरांशी आणि शिक्षकांशी बोलत, आणि पुन्हा पुन्हा पकडल्या जात. मे 2015 मध्ये कापसाच्या शेतावर कामाला लावलेल्या लोकांची छायाचित्रे काढल्यावर पोलिसांनी त्यांची जी अमानुष झडती घेतली, तिचे वर्णन वाचवत नाही. पत्रकार आणि मानवाधिकार कार्यकर्त्या उमिदा नियाझोवा यांना 2007 मध्ये अटक झाली. सुटकेनंतर त्या जर्मनीत गेल्या आणि बर्लिनमधून उझबेक-जर्मन मंच चालवू लागल्या. या मंचाचे निरीक्षक देशाच्या वेगवेगळ्या प्रांतांत हंगामभर नोंदी ठेवत: कोणत्या जिल्ह्यातली कोणती शाळा कधी बंद झाली, दवाखान्यातले किती लोक शेतावर गेले, कोटा किती होता, न जाणाऱ्याकडून किती पैसे घेतले. दरवर्षी हंगाम संपल्यावर त्याचा अहवाल निघे. वाचायला तो रुक्ष असे आणि आदल्या वर्षीच्या अहवालासारखाच असे. माझ्या मते या बहिष्काराचा कणा म्हणजे हा रुक्षपणाच होता. संतापाची लाट सहा महिन्यांत ओसरते, पण मालाच्या खरेदीचा निर्णय घेणाऱ्या कंपनीच्या टेबलावर दर हिवाळ्यात तोच आरोप नव्या तारखांसह आणि नव्या साक्षींसह येऊन पडला की तिला ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणता येत नाही.

मोठ्या माध्यमांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2007 मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ने शेतातल्या मुलांची दृश्ये दाखवली आणि त्यानंतर ब्रिटनमधल्या मोठ्या दुकान-साखळ्यांना उत्तर देणे भाग पडले, टेस्कोने आपल्या पुरवठादारांना उझबेक कापूस न वापरण्यास सांगितले. पण पुढच्या काळात जागतिक पातळीवर ज्या उझबेक बातमीला ठळक जागा मिळाली ती सप्टेंबर 2011 मधल्या न्यूयॉर्क फॅशन वीकची. करीमोव्ह यांची कन्या गुलनारा तिथे स्वतःचे कपडे सादर करणार होती; कापसातल्या बालमजुरीवरून निदर्शनांची तयारी झाली आणि आयोजकांनी तिचा कार्यक्रम रद्द केला. गुलनाराबरोबर का होईना, कापूसही छापून आला. प्रसिद्धीची ही रीत मला आवडत नाही, तरी चळवळीने तिचा उपयोग करून घेतला यात तिचे काही चुकले असेही मला म्हणवत नाही.

आता कापडाच्या व्यवहाराकडे वळतो, कारण बहिष्काराविषयी बोलणारे बहुतेक लोक इथेच घाई करतात. दुकानात शर्ट उलटून पाहिला तर त्यावर तो कुठे शिवला ते लिहिलेले असते, कापूस कुठला ते नसते. सरकी वेगळी होऊन रुईच्या गाठी बांधल्या गेल्या की त्या बंदरातून व्यापाऱ्यांमार्फत सूतगिरण्यांकडे जातात, आणि सूत एकसारखे यावे म्हणून गिरणीत निरनिराळ्या देशांच्या गाठी मुद्दाम एकत्र मिसळल्या जातात. गाठी फोडून मिसळण्याच्या विभागातून, म्हणजे ब्लो-रूममधून, बाहेर पडणाऱ्या कापसाला गाव उरत नाही. बांगलादेशच्या गिरण्या उझबेक रुईच्या मोठ्या ग्राहक होत्या. त्या सुतापासून विणलेला, तिथेच शिवलेला आणि युरोपात विकलेला टी-शर्ट कायद्याच्या भाषेत बांगलादेशी असतो. ज्याने तो विकत घेतला नाही त्याने कोणाला शिक्षा केली, हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. म्हणून कॉटन कॅम्पेनने ग्राहकाला दुकानात जाऊन विवेक दाखवण्याचे आवाहन करण्यापेक्षा कंपन्यांकडून लेखी प्रतिज्ञा घेण्यावर भर दिला, म्हणजे गाठी कुठून आल्या हे सूतगिरणीला विचारण्याची जबाबदारी विचारू शकणाऱ्यावर येऊन पडली. मागणीही मोजता येण्याजोगी ठेवली गेली: आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या निरीक्षकांना आत येऊ द्या आणि सक्तीने वेचणी करवून घेणे थांबवा. करीमोव्ह यांनी पायउतार व्हावे, अशी बहिष्काराची अट नव्हती.

परिणाम कसा झाला याबद्दल मतभेद आहेत आणि ते राहतील. डिसेंबर 2011 मध्ये युरोपीय संसदेने उझबेकिस्तानबरोबरचा कापडविषयक करार नाकारला. 2012 पासून लहान मुलांना शेतावर नेणे बरेच कमी झाले, पण त्यांचा बोजा मोठे विद्यार्थी, शिक्षक आणि आरोग्य कर्मचारी यांच्यावर ढकलला गेला. 2013 मध्ये कामगार संघटनेच्या निरीक्षकांना प्रवेश मिळाला. सप्टेंबर 2016 मध्ये करीमोव्ह वारले, शवकत मिर्झियोयेव्ह सत्तेवर आले, आणि पुढच्याच वर्षी वेचणीच्या ऐन मध्यावर विद्यार्थी, शिक्षक आणि डॉक्टरांना शेतांवरून परत बोलावण्याचा आदेश निघाला. 2020 मध्ये राज्याने ठरवून दिलेल्या उत्पादनाची आणि भावाची पद्धत रद्द झाली. तेव्हा हुकूमशहाच्या मृत्यूने काम केले की बहिष्काराने, असा प्रश्न विचारला जातो. मला वाटते, नव्या राज्यकर्त्याला कच्ची रुई विकण्याऐवजी सूत आणि कपडे विकून अधिक पैसा कमवायचा होता, आणि ज्या कंपन्यांना ते विकायचे त्यांच्या सह्या प्रतिज्ञेवर होत्या. बहिष्काराने करीमोव्ह यांना हलवले नाही, पण त्यांच्यामागून येणाऱ्यासमोर सुधारणेचा भाव ठरवून ठेवला. राजवट मात्र बदलली नाही. बहिष्कार उठल्यानंतर चारच महिन्यांनी उझबेकिस्तानातल्याच काराकल्पाकस्तान या स्वायत्त प्रदेशात निदर्शने झाली, त्यांत किमान 21 माणसे मारली गेली, आणि वकील-पत्रकार दौलतमुरात ताझिमुरातोव्ह यांना जानेवारी 2023 मध्ये सोळा वर्षांची शिक्षा झाली. कापूस आता मोकळ्या हातांनी वेचला जातो. त्याच हातांनी फलक उचलला तर काय होईल, हा वेगळा प्रश्न आहे.

शेजारच्या तुर्कमेनिस्तानात वेचणीची व्यवस्था जवळजवळ तशीच आहे, पण तिथे नोंदी ठेवणाऱ्यांना उभे राहायला तसूभरही जागा नाही. गास्पार मातालायेव्ह यांनी 2016 च्या हंगामात सक्तीच्या वेचणीची माहिती परदेशातून चालणाऱ्या एका संकेतस्थळाला पाठवली. ती प्रसिद्ध होताच त्यांना अटक झाली आणि फसवणूक-लाचेच्या आरोपाखाली त्यांनी तीन वर्षे तुरुंगात काढली. अमेरिकेने मे 2018 मध्ये तुर्कमेन कापूस आणि त्यापासून बनलेल्या मालाच्या आयातीवर बंदी घातली. तो कापूस तुर्कस्तानातल्या गिरण्यांमधून जातो आणि तिथे तयार झालेल्या टॉवेल-चादरींवर तुर्कस्तानचे नाव असते. तुर्कमेन राजधानी अश्गाबातची बातमी आपल्यापर्यंत पोहोचते ती बहुधा संगमरवरी इमारती, घोड्यावर बसलेल्या राष्ट्राध्यक्षांचा सोनेरी पुतळा किंवा त्यांचे गाणे यांची. राजवटीचा विक्षिप्तपणा ही माध्यमांची आवडती बातमी असते, कारण ती दुरून आणि हसत हसत लिहिता येते.

चीनच्या शिनज्यांग प्रांतात प्रश्नाचा आकारच निराळा आहे. जगातल्या कापसाचा अंदाजे पाचवा हिस्सा एकट्या या प्रांतात पिकतो. तिथल्या उइगुर आणि इतर मुस्लिम समाजांवरच्या दडपशाहीचे पुरावे मुख्यतः उपग्रहचित्रे, सरकारी निविदा आणि बाहेर फुटलेली कागदपत्रे यांतून पुढे आले. त्यांतले ‘चायना केबल्स’ नोव्हेंबर 2019 मध्ये आणि ‘शिनज्यांग पोलीस फाइल्स’ मे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. मार्च 2020 मध्ये चीनने तीन मोठ्या अमेरिकी दैनिकांच्या बातमीदारांना देशाबाहेर काढले होते, आणि काही लेखापरीक्षण संस्थांनी शिनज्यांगमध्ये मोकळेपणाने तपासणी शक्य नसल्याने ते कामच सोडले. म्हणून अमेरिकेने जून 2022 पासून लागू केलेल्या कायद्यात पुराव्याचे ओझे उलटे केले: तिथला माल सक्तीच्या श्रमाचा आहे असे गृहीत धरले जाईल, नसल्याचे आयातदाराने सिद्ध करायचे. उलट बाजूने मार्च 2021 मध्ये एच अँड एम या स्वीडिश कंपनीचे शिनज्यांगमधल्या सक्तीच्या श्रमाविषयीचे एक जुने निवेदन चीनच्या समाजमाध्यमांवर उकरून काढण्यात आले आणि बघता बघता तिची उत्पादने तिथल्या ऑनलाइन बाजारपेठांतून गायब झाली. उझबेकिस्तानजवळ उलट बहिष्कार घालण्याइतकी बाजारपेठ नव्हती. चीनजवळ ती आहे, आणि तिथली सरकारी माध्यमे तिला हाक देऊ शकतात.

भारतातही चिनी मालावर बहिष्काराची हाक दिली गेली, पण ती जून 2020 मध्ये गलवानच्या चकमकीनंतर. दूरचित्रवाणी संच फोडण्याची दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. त्या हाकेत चीनने नेमके काय केल्यावर ती मागे घेतली जाईल हे कुठेच नव्हते, आणि चीनबरोबरची आपली व्यापारी तूट पुढच्या वर्षांत वाढतच गेली. उइगुरांचा तर त्यात उल्लेखही नव्हता. 6 ऑक्टोबर 2022 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत शिनज्यांगवर केवळ चर्चा घ्यावी असा ठराव आला, तो 17 विरुद्ध 19 मतांनी पडला आणि भारत तटस्थ राहिला. ज्या देशाने 1946 मध्ये, स्वतः स्वतंत्र होण्याआधीच, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता, त्याने एवढे मौन पाळावे हे मला खटकते. तेव्हाही हिरे-सोन्याच्या व्यापारात पळवाटा असणारच, पण ‘दक्षिण आफ्रिका वगळून’ असे भारतीय पारपत्रावर छापलेले असे आणि त्यात निदान एक स्पष्टपणा होता.

दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट निर्णायक होती. बहिष्कार घालण्याची विनंती 1959 मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली यांच्याकडून, म्हणजे ज्यांना त्याची झळ बसणार होती त्यांच्याकडून आली. त्यामुळे ‘बहिष्काराने गरीब कृष्णवर्णीयांच्याच नोकऱ्या जातील’ या आक्षेपाला उत्तर देण्याचा अधिकार त्यांच्यापाशी होता, आणि ही झळ सोसायला आम्ही तयार आहोत, हे उत्तर त्यांनी दिलेही. तुर्कमेनिस्तान आणि शिनज्यांगमधून अशी विनंती उघडपणे येऊच शकत नाही. ती परागंदा झालेल्यांच्या तोंडून ऐकावी लागते.

झळ बसणाऱ्यांचे स्वतःचे म्हणणे काय, हा निकष मी आपल्या घरालाही लावून पाहिला आहे. भारतात येणाऱ्या आयात उडदाचा बहुतांश भाग म्यानमारमधून येतो. तिथे 1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने सत्ता बळकावली आणि पाचच आठवड्यांत पाच स्वतंत्र वृत्तसंस्थांचे परवाने रद्द केले. त्याच वर्षी जूनमध्ये भारताने दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर खरेदी करण्याचा करार त्या देशाशी केला. आपल्या वृत्तपत्रांतला म्यानमार दोन ठिकाणी सापडतो: ईशान्येच्या सीमेवरच्या निर्वासितांच्या बातमीत आणि डाळींच्या भावाच्या बातमीत. या दोन पानांची एकमेकांशी ओळख नसते.

म्यानमारच्या लोकांनी स्वतः कशावर बहिष्कार घातला ते पाहिले तर त्यांची निवड नेमकी दिसते: लष्कराच्या मालकीचा वाटा असलेली म्यानमार बिअर आणि मायटेल ही मोबाइल सेवा. उडीद तिथले लहान शेतकरी पिकवतात आणि तो खासगी व्यापाऱ्यांकडून विकला जातो. लष्कराला त्यातून काहीच मिळत नाही असे नाही, पण मुख्य फटका शेतकऱ्याला बसेल, म्हणून इडलीच्या पिठात तो घालायला माझी हरकत नाही. सागवानाचे तसे नाही. त्याची विक्री म्यानमा टिंबर एंटरप्राइझ या सरकारी संस्थेच्या हातून होते, अमेरिका आणि युरोपीय संघाने 2021 मध्ये तिच्यावर निर्बंध घातले, आणि आपल्याकडे फर्निचर-दारे विकणारे ‘अस्सल बर्मा टीक’ ही पाटी अजून कौतुकाने लावतात. तसले दार मी घेणार नाही. पण सत्तापालटानंतर आपल्या बंदरांत उतरलेले बर्मी सागवान कोणी आणले आणि त्याचे पैसे कोणत्या बँकेतून गेले, याचा माग एखाद्या मराठी दैनिकाच्या बंदर-वार्ताहराने काढलेला मला वाचायला आवडेल.